पडदे बांधलेली जीप

आमच्या धाकट्याचं, दिनकरचं, लग्न झालं ते साल मोठ्या दुष्काळानंतरचं. त्याच्या आदल्या चैत्रात आमचा बाप गेला होता. वर्षश्राद्ध झालं आणि आईने घाईघाईने सून बघितली, त्यामुळे लग्न भर वैशाखात आलं. नवरीला घेऊन मी परत निघालो तेव्हा दुपार कलत होती आणि जीपचा पत्रा हात लावू देत नव्हता.

“पडदे बांध सगळ्या बाजूंनी,” चिंगाआत्या म्हणाली. “नवी नवरी हाय. शीव वलांडूस्तवर कुणाची नजर पडाय नको.”

“आत्या, शिजून निघतील माणसं आत.”

“तू गाडी हाक. नवरीचं मला कळतंय.”

मी ताडपत्रीचे पडदे खाली सोडून दोऱ्या आवळल्या. जीप माझी नव्हती. मी लाकडाच्या वखारीत ड्रायव्हर होतो आणि मालकाने ती लग्नापुरती दिली होती. पेट्रोलवरची जुनी गाडी. मागच्या बाजूला लाकडं टाकून टाकून तळाचा पत्रा गंजला होता आणि दोन-चार जागी त्यातून रस्ता दिसायचा. बाकीचं वऱ्हाड ट्रकने पुढे गेलं होतं.

मागे चार माणसं बसली. दिनकर, त्याची नवी बायको शेवंता, तिची पाठराखीण म्हणून आलेली म्हातारी, आणि आमची आत्या. पाठराखीण म्हणून बहुधा एखादी करवली येते, पण शेवंताला सख्खी बहीण नव्हती. तिच्या बापाची विधवा मावशी आली होती. तिला सगळे आक्का म्हणत. आत्या अगदी मागे, पडद्याच्या फटीशी बसली, कारण तिला तंबाखू थुंकायला जागा लागायची.

पुढे माझ्या शेजारी शंकरतात्या. माझ्या बापाचा भाऊ. बापाच्या मागे घरातला थोरला पुरुष तोच, म्हणून लग्नात वरबापाच्या जागी तो उभा होता. मांडी घालून बसायचा, काठी दोन्ही हातांत धरायचा आणि सावकाश बोलायचा. त्याने दिनकरसाठी आपल्या मेव्हण्याची मुलगी सुचवली होती. आईने नको म्हटलं आणि शेवंताला पसंत केलं. तात्याने त्यावर चकार शब्द काढला नव्हता. सकाळी मांडवात मानपानाच्या वेळी शेवंताच्या बापाचा गोंधळ झाला. साधा, घाबरट माणूस. त्याने फेटा आमच्या मामाला बांधला आणि वरबापाच्या जागी बसलेल्या तात्याच्या हातात हिरव्या काठाचा टॉवेल आणि टोपी ठेवली. भर मांडवात वरबापाचा मान चुकला. तात्या मात्र हसला आणि टॉवेल खांद्यावर टाकला.

“ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “फेट्यानं का माणूस मोठा हुतोय? पोरगी दिलीसा, त्यात समदं आलं.”

शेवंताच्या बापाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. तात्याविषयी मला इतकं चांगलं कधी वाटलं नव्हतं.

गावाबाहेर पडलो तोवर गाडी बरी चालली. पुढे सपाटीलाच तिचा दम कमी वाटायला लागला. अॅक्सिलरेटर दाबावा तर ती पुढे न जाता आतल्या आत कुंथायची. मी म्हटलं, गरमीने असेल.

“काय झालं?” तात्याने विचारलं.

“ओढ न्हाई गाडीला.”

“भार झाला आसंल,” तात्या म्हणाला. त्याने मान किंचित मागे वळवली. “भार म्हंजी, नुसता माणसांचा नसतोय.”

मला ते वाक्य कळलं नाही. पडद्याआडच्या आत्याला बरोबर कळलं.

घाट लागला आणि गाडी पार ढेपाळली. पहिल्या गिअरमध्येसुद्धा ती बैलासारखी जागच्या जागी डोलायची. खालून फुसफुस असा बारीक आवाज येत होता. तेवढ्यात मागे कुणीतरी ओकलं.

“थांबीव! गाडी थांबीव!” आत्या ओरडली.

मी कडेला घेतली, चाकाला दगड लावला आणि मागचा पडदा उचलला. आतून जी वाफ तोंडावर आली ती अजून आठवते. ओकारी, तंबाखू, कोमेजलेल्या मुंडावळ्या आणि त्या सगळ्यांखाली काहीतरी जळकं. शेवंताने आपल्या नव्या शालूच्या ओच्यात ओकलं होतं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. दिनकर कपाळ धरून बसला होता. आक्का एका बाजूला कलंडली होती, झोपली असं वाटत होतं.

“उतर खाली,” मी शेवंताला म्हटलं. “वाऱ्याला बस.”

ती उतरली ती धडपडत. एका दगडाचा आधार घेऊन बसली आणि पुन्हा ओकली. दिनकर उतरला नाही.

आत्या मात्र उतरली. कमरेवर हात ठेवून तिने शेवंताला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बाजारात शेळी बघतात तसं. मग माझ्याजवळ येऊन, पण शेवंताला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “कळलं का तुला कायतरी?”

“काय?”

“सकाळपासनं आन्न न्हाई पोटात तिच्या. आन् ओकती कशापायी?”

“आत्या!”

“आत्या काय? बाई हाय मी. गाडी जड झाली, ती उगी न्हाई. तात्या म्हनला न्हाई का मगाशी? पाप बसल्यावर गाडी चढंल व्हय घाट?”

तात्या पुढच्या सीटवरून खाली उतरला नव्हता. त्याच्या बाजूच्या दारातून वारा येत होता. तो समोर दरीकडे बघत म्हणाला, “चिंगे, आसं बोलू ने. पोरीचं नशीब हाय.” जरा थांबून पुढे म्हणाला, “पर वाटेत गाडी बंद पडली, हे बाकी वंगाळ झालं. शिवंवर लोकं वाट बघाय लागलीत. काय सांगायचं त्येस्नी?”

“परत नेऊ,” आत्या म्हणाली. “हिच्या बापाच्या दारात न्हेऊन सुईनीला बोलवू. तिनं बघितल्याबिगर ही आमच्या उंबऱ्यातनं आत यायची न्हाई.”

मी दिनकरकडे बघितलं. आता तो तरी काही बोलेल असं मला वाटलं. दिवसभर त्याच बाईच्या शेल्याला त्याच्या शेल्याची गाठ होती, ती गाठ अजून तशीच होती. फक्त उतरताना तिने आपला शेला खांद्यावरून सोडून आत टाकला होता.

दिनकर म्हणाला, “दादा, बघून घेतल्यालं बरं. उद्या लोक काय म्हणतील?”

शेवंताने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. रडली नाही. पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा मान खाली घातली. मला त्या क्षणी आपल्या भावाचीच किळस आली. ती पुढेही पुरती गेली नाही.

“गाडी आधी चालू तर होऊ दे,” मी म्हटलं. “परत न्यायची झाली तरी गाडीच लागंल.”

मी बॉनेट उचललं. रेडिएटर उकळत होता. पेट्रोलमधला गाळ साठतो ती काचवाटी काढून बघितली, भरलेली आणि स्वच्छ. पंप हाताने मारून बघितला, पेट्रोल जोरात येत होतं. प्लग काढले तर ते काजळीने काळेकुट्ट. हवेचा फिल्टर झटकला, काही फरक नाही. इंजिन जागेवर सुरू व्हायचं. हळू ठेवलं तर चालायचं. वेग दिला की घुसमटायचं.

तात्या काठी टेकत आला आणि माझ्या मागे उभा राहिला. “कशाला उगी नसत्या उठाठेवी करतोस? ह्यात माणसाचं काय चालत न्हाई.”

बोलता बोलता त्याची काठी माझ्या विजारीला लागली. लग्नासाठी शिवलेली पांढरी विजार. मांडीवर काळा डाग पडला. मी झटकला तर तो आणखी पसरला. डांबर लागलं असेल, म्हणून मी सोडून दिलं.

घुसमट. हा शब्द माझ्या डोक्यात फिरत होता. इंजिनाला आत मिळत होतं सगळं. पेट्रोल मिळत होतं, हवा मिळत होती, ठिणगी मिळत होती. मग बाहेर काय पडतंय?

मी गाडी सुरू ठेवून मागे गेलो आणि सायलेन्सरच्या तोंडासमोर तळहात धरला. एरवी हात दूर फेकावा असा जोर असतो. आता एखादं आजारी माणूस उसासा टाकावा तशी कोमट फुंकर येत होती. मी गाडीखाली शिरलो. इंजिनापासून येणारा पाइप तापून लाल व्हायच्या बेतात होता. पाइप आणि सायलेन्सर जिथे जोडलेले असतात त्या जोडातून धूर बाहेर पडत होता, फुसफुसत. आणि त्या जोडाच्या बरोबर वर गंजलेल्या तळाची भोकं होती. धूर सरळ त्यातून वर जात होता. वर, पडदे आवळून बांधलेल्या गाडीत.

मी खालून ओरडलो, “आक्काला उठवा! आधी तिला बाहेर काढा!”

“झोपल्याय म्हातारी,” दिनकर म्हणाला.

“झोपली न्हाई ती! ओढ बाहेर!”

मी खालून निघेपर्यंत शेवंता उठून गाडीत शिरलीसुद्धा होती. तिने आणि मी मिळून म्हातारीला बाहेर आणलं. मान लुळी पडली होती. शेवंता तिच्या गालांवर चापट्या मारत होती. “आक्के, ए आक्के, बघ की गं. आगं, आलं आपलं गाव.” माझ्याकडे पाण्याची पिशवी होती. ती मी म्हातारीच्या तोंडावर ओतली. बराच वेळ काही नाही. मग तिने मोठा श्वास घेतला, डोळे उघडले आणि शेवंताच्या मांडीवरच ओकली.

मी आत्याकडे वळलो. “आता सांग. ही सत्तरीची म्हातारी बी पोटुशी हाय का?”

आत्याच्या तोंडात तंबाखू होती. ती थुंकायची की गिळायची हे तिला सुचेना.

“धूर भरलाय आत,” मी म्हटलं. “सायलेन्सर बंद झालाय. मागनं वाट न्हाई म्हणून गॅस जोडातनं फुटतोय आन् भोकातनं ह्यांच्या नाकात जातोय. तू फटीशी बसली हुतीस म्हणून वाचलीस. दिनकर, तुझं डोकं का दुखतंय, कळलं?”

दिनकर गाडीतून खाली उतरला. पहिल्यांदाच.

मी पान्याने जोडाचे बोल्ट ढिले करून पाइप सायलेन्सरपासून सुटा केला आणि गाडीला वेग दिला. आख्ख्या घाटात घुमेल असं इंजिन गरजलं. समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. मला असं झालं की कुणाच्या तरी छातीवरचा दगड निघाला.

“म्हंजी काय?” आत्याने विचारलं.

“म्हंजी इंजिन चांगलं हाय. मागं सायलेन्सरात कायतरी आडकलंय.”

“उंदराचं घरटं आसंल,” तात्या म्हणाला. “चल, झालं न्हवं? आता तसंच चालव. आवाज झाला तर होऊ दे, वरात हाय.”

“तसं चालवलं तर धूर वरच येणार. आडकल्यालं काढाय पाहिजे.”

“म्या सांगतो, तसंच चालव.”

तात्याचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मी टूलबॉक्समधून जाड तार काढली, तिला आकडा केला आणि सायलेन्सरच्या शेपटीत घातली. वीतभर आत गेल्यावर ती मऊ वस्तूला लागली. आकडा अडकवून ओढला. आधी मोडक्या काटक्या निघाल्या, मग तो बोळा हळूहळू, चिवटपणे बाहेर आला. काजळीने माखलेला, अर्धवट जळलेला, गरम कापडाचा बोळा. मी पायाने तो उलगडला. आतल्या घडीला काजळी पोचली नव्हती. तिथे हिरवा काठ होता आणि एका कोपऱ्याला हळदीकुंकवाची बोटं उमटली होती.

माझ्या मांडीवर काळा डाग होता. मी तात्याच्या काठीच्या टोकाकडे बघितलं. पितळेचं टोक, आणि त्याच्या वर वीतभर काजळी. मग तात्याच्या खांद्याकडे बघितलं. सकाळी तिथे टॉवेल होता. आता नव्हता.

तात्याने माझ्याकडे बघितलं. नजर वळवली नाही त्याने, हे मला सांगितलंच पाहिजे.

“गावच्या पोरांची चेष्टा,” तो सावकाश म्हणाला. “लग्नात चालतंय आसलं. टाकून दे दरीत.”

मला गाडी बंद पाडायच्या कटाचं इतकं वाटलं नाही. कुरापतखोर माणसं मी बघितली होती. पण हा माणूस समोरच्या सीटवर वारा खात बसला होता. त्याच्या मागे पोरगी ओकत होती, म्हातारी कलंडली होती, माझी आत्या त्या पोरीची बदनामी करत होती आणि ह्याला सगळं माहीत असून हा म्हणत होता, पोरीचं नशीब. धूर वर जाईल हे त्याला ठाऊक नसेल, मी तेवढं धरून चालतो. पण सायलेन्सरात बोळा आहे, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?

माझ्या हातात पाना होता. दिनकरने माझं मनगट धरलं. त्यानेही काठ ओळखला होता.

“दादा, नको वाढवूस,” तो कानाशी म्हणाला. “थोरलं माणूस हाय. घरची गोष्ट हाय. आपलीच आब्रू जाईल.”

“आन् हिची?”

“तिची कुठं गेली? तू सांगितलंस की, धूर हुता म्हणून.”

मी पाना खाली टाकला. मला त्याच्या हाताचा स्पर्श नको झाला होता.

“थोरलं भावजी,” मागून शेवंताचा आवाज आला. सकाळपासून ती माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती. डोक्यावरचा पदर नीट करत ती उभी राहिली. “ते कापाड मला द्या.”

“आगं, घाण हाय ती,” आत्या म्हणाली.

“व्हय, घाण हाय,” शेवंता म्हणाली. तिने वाकून तो टॉवेल उचलला, झटकला आणि मुठीत गुंडाळला.

मी जोड पुन्हा घट्ट केला, पडदे सगळे सोडून वर गुंडाळले आणि आत्याला म्हटलं, “आता कुणी पडदा बांधला तर मी गाडी हितंच सोडून चालत जाईन.” गाडी घाट अशी चढली जणू काही झालंच नव्हतं. तात्या माझ्या शेजारीच बसला होता. आमचे गुडघे एकमेकांना लागत होते. मी जितका सरकता येईल तितका दाराकडे सरकलो.

शिवेवर नारळ फुटला, वाजंत्री लागली. घरच्या दारात आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. शेवंताने माप ओलांडलं. शालूवर ओकारीचे डाग होते. बायका एकमेकींना खुणावत होत्या आणि आत्या सगळ्यांना सांगत होती, “धूर लागला पोरीला, धूर.” जणू तो शोध तिनेच लावला होता.

मग नवरा-नवरीने थोरल्यांच्या पाया पडायचं. जोत्यावर जाजम अंथरलं होतं आणि त्यावर मधोमध तात्या बसला होता, काठी दोन्ही हातांत. काठीचं टोक त्याने पुसलं होतं. दिनकर पाया पडला. तात्याने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

शेवंता वाकली. डोकं टेकवलं. तात्या म्हणाला, “आष्टपुत्रा…”

तिने उठताना कमरेतून तो टॉवेल काढला. दोन्ही हातांनी उलगडला, मानाचं कापड देतात तसा, आणि तात्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर, उजव्या खांद्यावर ठेवला. हिरवा काठ बरोबर पुढे आला.

“तात्या,” ती म्हणाली, आवाज लहान पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, “माझ्या बानं दिल्याला मान वाटंत पडला हुता तुमचा. सायलेन्सरात घावला. संबाळून ठेवा.”

वाजंत्रीवाले अंगणात वाजवत होते ते वाजवतच राहिले. जोत्यावर मात्र कुणी हललं नाही. सदऱ्यावर काजळी उतरत होती. मला वाटलं, तात्या तो भिरकावून देईल, शिवी देईल, काठी उचलेल. त्याने काहीच केलं नाही. टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून तो समोर बघत बसला. कुणीच विचारलं नाही, सायलेन्सरात कसा घावला म्हणून. सगळ्यांना कळलं होतं आणि कुणीच विचारलं नाही. माझी आईसुद्धा नाही.

थोड्या वेळाने पंगत बसली. आत्याने पहिलं ताट तात्यापुढे ठेवलं आणि जिलबी जास्त वाढली. “घ्या की, दमला आसाल,” ती म्हणाली. तात्या जेवला. मी घासाला हात लावला, उठलो, मागच्या परसात गेलो आणि ओकलो. मी पुढे बसलो होतो. धूर माझ्या अंगात नव्हता.

त्या दिवसानंतर मी तात्याच्या दारात गेलो नाही. दिनकरशी बोललो, पण कामापुरतं. शेवंताने त्याच्याशी संसार केला, त्याची आजारपणं काढली. घाटातल्या त्याच्या बोलण्याविषयी ती माझ्यासमोर कधी बोलली नाही. पुढे गाडीने कुठे जायचं असलं की ती आधी मागे जाऊन सायलेन्सरसमोर हात धरायची, मग बसायची. पोरं हसायची तिला.

तात्या तीन वर्षांनी, शिमग्याच्या आधी, मेला. आमच्याकडे प्रेतावर घालायला घरोघरून नवं कापड आणतात. शेवंताने हिरव्या काठाचा नवा टॉवेल आणून त्याच्या अंगावर नीट पसरला. मी काही घातलं नाही. शेवंता गेल्या वर्षी कार्तिकात गेली.